चौघांची चाल

टोकियोत नोकरीनिमित्त राहणाऱ्या एखाद्या मराठी तरुणास त्याचे जपानी सहकारी रविवारी सकाळी शेजारच्या चिबा प्रांतातील एखाद्या रानात ‘सबागे’ खेळावयास घेऊन जातात, तेथे त्याला विजेवर चालणारी भाड्याची बंदूक आणि डोळ्यांभोवती घट्ट बसणारा चष्मा देण्यात येतो, दिवसभर तो झाडाझुडपांतून धावतो, लपतो, पुन्हा पुन्हा बाद होतो, आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत बसल्यावर त्याच्या मनात बहुधा एकच प्रश्न घोळत असतो : आम्ही चौघे बरोबर होतो, चौघांच्याही हाती बंदुका होत्या, समोर गडी एकच होता, मग त्या एकट्याने आम्हां चौघांना बघता बघता गारद केले ते कसे?

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. तो एकटा नेमबाजीत फार निष्णात होता असे सहसा नसते, आणि त्याची बंदूकही बहुधा ह्यांच्यासारखीच असते. चौघे बरोबर होते हे खरे. परंतु चौघेही एकाच दिशेला पाहत होते, एका झडीत दोघे सापडावेत इतके परस्परांच्या निकट होते, आणि एक निघाला की चौघेही त्याच्यामागे निघत होते. जपानात सबागे आणि इतरत्र एअरसॉफ्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या खेळात तुकडीची रचना आणि हालचाल म्हणून जे काही शिकवले जाते, ते ह्या दोषांच्या परिहारासाठीच.

१. खेळाची पूर्वपीठिका

एअरसॉफ्टचा उदय १९७० नंतरच्या दशकात जपानात झाला. सामान्य नागरिकाने पिस्तूल बाळगण्यास त्या देशात कायद्याची सक्त मनाई असल्यामुळे शस्त्रांच्या शौकिनांची हौस हुबेहूब प्रतिकृतींवर भागवली जाई, आणि स्प्रिंगच्या अथवा दाबून भरलेल्या वायूच्या जोरावर प्लॅस्टिकची बारीक गोळी फेकणारी खेळणी त्याच हौसेतून निर्माण झाली. पुढे १९९१ साली टोकियो मारुई ह्या कंपनीने फ्रेंच लष्कराच्या फामास रायफलीच्या रूपाची, बॅटरीवर चालणारी बंदूक बाजारात आणली. तिच्यात एक लहानशी मोटार दातेरी चक्रे फिरवते, चक्रे दट्ट्यास मागे खेचतात, दाबलेली स्प्रिंग सुटताच दट्ट्या पुढे झेपावून हवा कोंडतो, आणि ती कोंडलेली हवा ६ मिलिमीटर व्यासाच्या गोळीस नळीबाहेर ढकलते. हे सारे चक्र एका सेकंदात पंधराएक वेळा पुरे होते. आधीच्या वायूच्या बंदुकांना नळ्या आणि टाक्या यांचे लोढणे असे. ते गळ्यातून सुटल्यावर साध्या खेळाडूसही सतत मारा करणे परवडू लागले, आणि एकाने माऱ्याच्या जोरावर प्रतिपक्षाचे डोके खाली ठेवावे व तेवढ्यात दुसऱ्याने पुढे सरकावे ही चाल, जिच्याविषयी पुढे सविस्तर लिहावयाचे आहे, ती खऱ्या अर्थाने शक्य झाली.

खेळाचे दस्तूर थोडक्यात असे. दोन पक्ष मैदानाच्या दोन टोकांस उभे राहतात. प्रतिपक्षाचे सारे गडी बाद करावयाचे, किंवा त्यांच्या गोटातील निशाण गाठावयाचे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यात १९८१ साली सुरू झालेल्या पेंटबॉलमध्ये गोळी फुटून अंगावर रंग सांडतो, त्यामुळे वादास जागा कमी. एअरसॉफ्टची गोळी अंगावर काहीच खूण ठेवत नाही. ती लागली की ज्याला लागली त्यानेच हात वर करून ‘हिट!’ असे ओरडावयाचे आणि मैदानाबाहेर चालू लागावयाचे. पंच असले तरी निवाडा ज्याचा त्यानेच करावयाचा असल्यामुळे हा खेळ सर्वस्वी सचोटीवर चालतो, आणि ह्या गोष्टीचा डावपेचांवर जो परिणाम होतो तो नवख्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

२. गोळीचा स्वभाव

कोणत्याही रचनेचा विचार करण्यापूर्वी ज्या गोळीसाठी ही सारी तजवीज करावयाची, ती कशी वागते हे पाहिले पाहिजे. कारण लष्करी पुस्तकांतील आकृत्या जशाच्या तशा उचलून मैदानावर मांडणारे पुष्कळ उत्साही लोक ह्याच ठिकाणी फसतात.

जपानात २००६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन अशा गोळीची शक्ती सुमारे ०.९८ ज्यूलच्या आत ठेवण्याचे बंधन आले. नेहमीच्या वापरातील गोळीचे वजन ०.२ ग्रॅम. ती नळीतून सुटताना सेकंदास ९० मीटर वेगाने सुटते असे धरू. वेग मोठा वाटतो. परंतु इतक्या हलक्या वस्तूस हवेचा रोध फार बाधतो, आणि ढोबळ हिशेब केला तर २० मीटर अंतरावर तिचा वेग निम्म्याखाली येतो आणि ४० मीटरवर तो सेकंदास २० मीटरच्या आसपास उरतो. पहिले २० मीटर ती एक तृतीयांश सेकंदात तोडते, पण ४० मीटर गाठावयास तिला सुमारे एक सेकंद लागतो. नळीच्या मुळाशी बसवलेला रबराचा एक बारीक उंचवटा गोळीच्या माथ्यास घासून तिला उलटी गिरकी देतो. त्या गिरकीमुळे हवा तिला किंचित उचलून धरते, आणि एरवी २५-३० मीटरवर जमिनीकडे झुकली असती ती गोळी ४०-५० मीटरपर्यंत सपाट जाते. ह्या योजनेस हॉप-अप म्हणतात. त्याचा खिळा अधिक पिळला की गोळी शेवटी आकाशाकडे वळते, आणि भाड्याची बंदूक घेतलेल्या नवख्याच्या गोळ्या शत्रूच्या डोक्यावरून जातात त्या बहुधा ह्याच कारणाने.

आता ह्या आकड्यांतून काय निघते ते पाहा. रानात, अंगावर सरंजाम असताना, माणूस सेकंदास ४ मीटर धावतो असे मानले, तर ४० मीटरवरून त्याच्यावर झाडलेली गोळी पोचेपर्यंत तो ४ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे दूरच्या, आडव्या धावणाऱ्या गड्यास टिपणे अवघड, आणि आखूड धाव ही खऱ्या रणांगणापेक्षाही येथे अधिक फलदायी. दुसरे असे, की खऱ्या युद्धात झुडूप माणसास केवळ दृष्टीआड करते, गोळी त्यातून आरपार जाते. येथे मात्र दाट पानांचे एखादे झुडूप, बांबूंची एखादी जाळी गोळीसही अडवते. आणि तिसरी गोष्ट सचोटीशी निगडित आहे. ४० मीटरवरून आलेली मंद गोळी जाड डगल्याच्या बाहीस लागली तर ती ज्याला लागली त्यास कित्येकदा कळतच नाही. ‘लागली तरी कबूल करत नाही’ ही जी तक्रार प्रत्येक मैदानावर ऐकू येते, तिच्या मुळाशी अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. म्हणून शहाणी तुकडी दुरून मारा करून निकाल लागेल ह्या भ्रमात राहत नाही. २० मीटरच्या आत जाऊन मारलेली गोळी लागल्याविषयी कोणाचेच दुमत होत नसते, आणि तेथवर अक्षत पोचणे हाच सगळ्या चालींचा हेतू होय.

३. डोळ्यांची वाटणी

रचना म्हटली की वाचकाच्या डोळ्यांपुढे माणसांच्या उभ्या-आडव्या आकृत्या येतात. माझ्या मते आकृती ही दुय्यम बाब आहे. कोणी कोठे पाहावयाचे ह्याचा चौघांत झालेला करार ही मुख्य बाब, आणि तो करार पाळणे ज्या आकृतीत सोयीचे जाते ती त्या वेळची योग्य आकृती.

सभोवतालचे वर्तुळ ३६० अंशांचे; चौघांत सारखे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्यास ९० अंश येतात. एका पाठोपाठ एक चालणाऱ्या चौघांपैकी पहिल्याने समोर पाहावयाचे, दुसऱ्याने डावीकडे, तिसऱ्याने उजवीकडे, आणि शेवटच्याने मागे. हे सांगावयास सोपे आहे. समोर कोठेतरी बंदुकांचा तडतडाट सुरू झाला की चारही माना आपोआप तिकडे वळतात, कारण धोका जेथे ऐकू येतो तेथे पाहणे हा मनुष्यस्वभाव आहे. आणि नेमक्या त्याच क्षणी पिछाडीच्या गड्याने आपली मान न वळवता मागच्या रिकाम्या वाटेवरच नजर ठेवणे, जेथे बहुधा काहीच घडत नाही आणि ज्याबद्दल त्याला कोणी शाबासकी देत नाही, हे सगळ्या खेळातील सर्वांत कठीण काम आहे. चांगल्या तुकडीची पारख मी तिच्या बिनीच्या गड्यावरून करीत नाही, पिछाडीच्या गड्यावरून करतो.

दिशा सांगण्यासाठी घड्याळाची तबकडी वापरण्याची रीत आहे : तुकडी ज्या दिशेस चालली ते बारा, उजवा हात तीन, पाठ सहा, डावा हात नऊ. ‘तो बघ, तिकडे, झाडामागे!’ ह्या उद्गाराचा रानात काडीइतका उपयोग नसतो, कारण झाडे शेकडो असतात. ‘दोन वाजता, वीस मीटर, पडलेल्या ओंडक्यामागे’ असे म्हटले की चौघांनाही कळते.

डोळ्यांच्या वाटणीचा एक वैरी मात्र असा आहे की त्याचा उल्लेख लष्करी पुस्तकांत सापडावयाचा नाही, आणि तो म्हणजे चष्म्यावरील वाफ. जपानचा उन्हाळा मुंबईच्या जून महिन्याइतकाच दमट. डोळ्यांभोवती घट्ट बसणाऱ्या चष्म्याच्या आत घामाची वाफ कोंडते, प्रथम कडांशी पांढरट पडदा येतो, मग तो मध्याकडे सरकतो, आणि दहा मिनिटांनी खेळाडूस समोर हिरवा आणि तपकिरी असे दोन रंग तेवढे दिसत राहतात. चष्मा काढून पुसावा तर ती मैदानावरील सर्वांत मोठी मनाई. म्हणून कोणी बारीक पंखा बसवलेला चष्मा वापरतो, कोणी आतून साबणाचा हात फिरवतो, कोणी काचेऐवजी जाळी पसंत करतो. चौघांपैकी एकाच्या चष्म्यावर वाफ धरली तर ९० अंशांचे एक दार उघडे पडले असे समजावे, आणि त्याने ते लाजेखातर लपवून न ठेवता सोबत्यांस ताबडतोब सांगावे.

४. रांग, फळी, पाचर

ही भूमिका स्पष्ट झाली म्हणजे आकृत्यांचा विचार सुकर होतो.

एकामागून एक चालण्याची उभी रांग ही सर्वांत जुनी. ती पायवाटेवर, दाट बांबूंत, रात्रीच्या खेळात उपयोगी पडते; तीत मार्ग चुकत नाही, आवाज कमी होतो, आणि मागच्याने पुढच्याचा पाय जेथे पडला तेथेच पाय टाकला की काटक्या मोडत नाहीत. समोरून हल्ला आला तर मात्र एकच बंदूक चालते, बाकी तिघांपुढे सोबत्याची पाठ असते. उत्तर अमेरिकेतील जंगलांत इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या रॉबर्ट रॉजर्सने १७५७ साली आपल्या रेंजर सैनिकांसाठी जे नियम घालून दिले, त्यांत लहान तुकडीने एका रांगेत चालावे, पण एका गोळीने दोघे जायबंदी होऊ नयेत इतके अंतर राखावे, असे आहे. आणि मऊ, दलदलीच्या जमिनीवर मात्र रांग मोडून शेजारी-शेजारी पसरून चालावे, जेणेकरून शत्रूस माग काढता येऊ नये, असेही आहे. जमीन बदलली की आकृती बदलावी, हे त्या जुन्या नियमांतील खरे मर्म. अंतराचा नियम तर आजही तसाच्या तसा लागू आहे.

आडव्या फळीत चारही बंदुका समोर चालतात. ठरावीक पट्टा धुंडाळून काढावयाचा असेल, किंवा शेवटची चढाई करावयाची असेल, तर तिच्यासारखी रचना नाही. पण तिच्या बगला उघड्या असतात. बाजूने एकच गडी आला तर त्यास चौघे एका ओळीत मिळतात.

ह्या दोहोंच्या मध्ये पाचर येते. एक गडी पुढे, दोघे त्याच्या डाव्या-उजव्या हातास तिरपे मागे, आणि चौथा एका बाजूस आणखी मागे. समोरून धोका आला तर निदान तीन बंदुका चालतात, बाजूने आला तर दोन, आणि कोणाच्याच नळीपुढे सोबत्याची पाठ येत नाही. अमेरिकी लष्करात चौघांच्या तुकडीची मूळ रचना म्हणून हीच शिकवतात, आणि दोन माणसांत सुमारे १० मीटर अंतर राखावे असे सांगतात. एअरसॉफ्टच्या मैदानावर हे १० मीटर जसेच्या तसे पाळणाऱ्यांची मला गंमत वाटते. खऱ्या रायफलीची गोळी शेकडो मीटर जाते, आणि तेथे तोफगोळ्याचा व हातबाँबचाही विचार करावा लागतो; आपल्या गोळीची हद्द ४०-५० मीटर. लष्कराचे अंतर येथे निम्म्यावर आणावे : मोकळ्या रानात ५ मीटर, दाट झाडीत तीन. ह्याचा पडताळा असा घेता येतो. ३० मीटरवर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्यास, एकमेकांपासून १ मीटर दूर असलेले दोन गडी जेमतेम २ अंशांच्या कोनात दिसतात, आणि मनगट किंचित हलवले की एकाच झडीत दोघे येतात. तेच ५ मीटर दूर असले तर कोन ९ अंशांच्या पुढे जातो आणि त्याला बंदूक फिरवून नव्याने नेम धरावा लागतो. त्या अर्ध्या सेकंदात दुसरा गडी आडोशाला गेलेला असतो. ह्याउलट ते १० मीटर दूर गेले, आणि मध्ये झाडी असली, तर त्यांना परस्परांचा हात दिसत नाही, हळू बोललेले ऐकू येत नाही, आणि तुकडी नाममात्र उरते.

समभुज चौकोनाची एक चौथीही रचना आहे, पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंस एकेक गडी. मोकळ्या जागी थांबून मसलत करावयाची असेल तर ती बरी. चालताना तिच्यात राहण्याचा हट्ट धरू नये.

५. एकाने राखावे, एकाने हलावे

आतापर्यंत तुकडी चालत होती, शत्रू दिसला नव्हता. तो दिसल्यावर, अथवा असावा असा दाट संशय आल्यावर, आकृतीपेक्षा हालचालीची पद्धत अधिक महत्त्वाची ठरते.

अवजड कपाट अरुंद जिन्यावरून वर नेणारे दोन हमाल कधीच एकाच वेळी पाय उचलत नाहीत : वरचा दोन पायऱ्या चढतो तोवर खालचा सारा भार छातीवर पेलून स्थिर उभा राहतो, मग वरचा भार तोलून धरतो आणि खालचा चढतो, दोघांनी एकदम पाय उचलला तर कपाट कोठे जाईल ते सांगावयास नको. तुकडीचे नेमके असेच आहे. जो हलतो तो काही काळ आंधळा आणि दुबळा असतो, त्याला नेम धरता येत नाही, पायांखाली पाहावे लागते. त्या अवधीत जो स्थिर आहे त्याने दोघांचा भार, म्हणजे दोघांच्या वाट्याची टेहळणी आणि मारा, सांभाळावयाचा.

चौघांची विभागणी दोन जोड्यांत करण्याचे कारण हेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मरीन दलातील इव्हान्स कार्लसन ह्या अधिकाऱ्याने, चीनमधील साम्यवादी फौजांची लढण्याची तऱ्हा पूर्वी प्रत्यक्ष पाहिलेली असल्याने, १९४२ साली आपल्या पलटणीत तीन-तीन जणांच्या तुकड्या पाडल्या. पुढे १९४४ साली साऱ्या मरीन दलाने तेरा जणांच्या पथकात एक नायक आणि चौघांच्या तीन तुकड्या ही घडी कायम केली. तिघांत राखणारे आणि हलणारे सारखे विभागता येत नाहीत. चौघांत दोन जोड्या बिनबोभाट पडतात, आणि प्रत्येक जोडीतही एक जण दुसऱ्यास राखू शकतो.

आता पुढे सरकण्याच्या दोन रीती. पहिलीत ‘अ’ जोडी १० मीटर पुढे जाते, थांबते, मग ‘ब’ जोडी तिच्या बरोबरीस येऊन थांबते, आणि पुन्हा ‘अ’ निघते. ‘ब’ कधीच ‘अ’च्या पुढे जात नाही. दुसरीत ‘ब’ जोडी ‘अ’ला ओलांडून तिच्या १० मीटर पुढे जाऊन बसते, मग ‘अ’ तिला ओलांडते.

दोहोंतील फरक एका उदाहरणाने पाहू. निशाण ६० मीटरवर आहे. धावण्याचा वेग सेकंदास ४ मीटर. प्रत्येक धावेनंतर आडोसा घेऊन, पाहून, इशारा देण्यास ५ सेकंद लागतात. पहिल्या रीतीत प्रत्येक १० मीटरमागे दोन धावा, म्हणजे एकूण १२ धावा. दोन्ही जोड्यांचे मिळून १२० मीटर, त्यास ३० सेकंद. थांबे १२, त्यांचे ६० सेकंद. एकूण दीड मिनिट. दुसऱ्या रीतीत पहिली धाव १० मीटरची, मधल्या पाच धावा २० मीटरच्या, शेवटची पुन्हा १० ची, धावा सात. धावण्याचे ३० सेकंद तेवढेच, थांब्यांचे ३५. एकूण ६५ सेकंद. दुसरी रीत पंचवीस सेकंदांनी लवकर पोचवते. परंतु तिच्यात प्रत्येक लांब धावेच्या वेळी गडी ५ सेकंद उघड्यावर असतो, पहिलीत केवळ अडीच सेकंद. शिवाय ओलांडून जाताना तो काही क्षण आपल्याच सोबत्यांच्या नळीपुढून जातो, आणि बहुतेक मैदानांवर सोबत्याची गोळी लागली तरी तो बादच. म्हणून शत्रू दूर असेतो ओलांडून जावे, आणि तो ३० मीटरच्या आत असल्याची खात्री पटताच पाठोपाठच्या रीतीवर यावे. ह्याच कारणास्तव एक धाव तीन ते पाच सेकंदांहून लांबू देऊ नये असा लष्करातही दंडक आहे : पाहणाऱ्याने पाहावे, बंदूक वळवावी, नेम धरावा, तोवर धावणारा पुन्हा जमिनीसरसा झालेला असावा.

धावणाऱ्याने निघण्यापूर्वी पुढचा आडोसा डोळ्यांनी निश्चित करून ठेवावा हे वेगळे सांगावयास नको, तरी सांगतो. कारण अर्ध्या वाटेवर उभे राहून आडोसा शोधणारे गडी प्रत्येक खेळात दिसतात.

६. बगल मारणे

शत्रू ओंडक्यामागे बसला आहे, त्याला समोरून उठवता येत नाही, आणि आपल्यालाही पुढे सरकता येत नाही. अशा वेळी एका जोडीने समोर राहून त्याला गुंतवावे आणि दुसरीने वळसा घालून त्याच्या बगलेवर जावे, हा डाव मनुष्याला युद्ध ठाऊक आहे तितकाच जुना आहे. तो फसतो तो कल्पनेत नव्हे, हिशेबात फसतो.

समोरची जोडी शत्रूपासून ३० मीटरवर आहे. वळसा घालणाऱ्यांनी तेवढेच अंतर राखून त्याच्या काटकोनात जावयाचे, म्हणजे ३० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा पाव भाग चालावयाचा. तो होतो सुमारे ४७ मीटर. वाळक्या पानांवर आवाज न करता सेकंदास १ मीटर चालता आले तर पुष्कळ; तेव्हा ४७ सेकंद. तितका वेळ समोरच्या जोडीने शत्रूस डोके वर काढू द्यावयाचे नाही. साध्या मॅगझिनमध्ये सुमारे ७० गोळ्या असतात, आणि घोडा दाबून धरला तर त्या पाच सेकंदांत संपतात. मग उरलेली बेचाळीस सेकंदे काय करावयाचे? उलट, दर दोन सेकंदांनी तीन गोळ्यांची एकेक झड दिली तर तेवढ्याच गोळ्या ४६ सेकंद पुरतात. दोघांनी आळीपाळीने मारा केला तर दीड मिनिटाची तरतूद होते. नवखे गडी संतापाने सबंध मॅगझिन रिते करतात, आणि वळसा अर्ध्यावर असताना शत्रूस आपण दोघेच समोर आहोत हे शांततेवरून कळते.

तीनशे-चारशे गोळ्यांचे मोठे मॅगझिन घेऊन हा प्रश्न सुटेल असे वाटते, आणि समोर बसणाऱ्यापुरता तो सुटतोही. वळसा घालणाऱ्याच्या हाती मात्र ते देऊ नये. त्यातील सुट्या गोळ्या प्रत्येक पावलागणिक खुळखुळतात, तळाचे चाक फिरवताना कर्रकर्र आवाज होतो, आणि शांत रानात तो पंधरा-वीस मीटरवर सहज ऐकू जातो.

वळसा घालणाऱ्यांनी काटकोनापाशी थांबावे. उत्साहाच्या भरात ते आणखी पुढे, शत्रूच्या पाठीमागे गेले, तर समोरच्या सोबत्यांच्या गोळ्या त्यांच्याच अंगावर येतात. कोणत्या खुणेवर समोरचा मारा थांबावयाचा हे निघण्यापूर्वीच मुक्रर करून घ्यावे.

७. बोलणे आणि मौन

सिनेमात पाहिलेल्या हाताच्या खुणांचे नवख्यांस फार आकर्षण असते. थांब, बस, पुढे चल, शत्रू दिसला, एवढ्या चार खुणा पुरेत. त्याहून अधिक पाठ केल्या तर ऐन वेळी त्या कोणास आठवत नाहीत. गोळीबार सुरू झाल्यावर तर गुप्ततेचा प्रश्नच उरत नाही, तेव्हा खुशाल ओरडावे. ‘रीलोड!’ म्हणजे माझ्या बंदुकीची राखण काही क्षण तू कर, ‘निघतो!’ म्हणजे मारा सुरू ठेव. आणि त्याला ‘जा!’ असे उत्तर आल्याखेरीज निघू नये. हे प्रश्नोत्तर कंटाळवाणे वाटले तरी कपाट हातातून सुटते ते बहुतेक वेळा ह्या एका शब्दाअभावी.

इमारतींच्या आतील खेळ हा स्वतंत्र विषय आहे. तेथे अंतरे ५ मीटरवर येतात, पाचर मोडते, आणि कोपऱ्यापासून दूर राहून तो थोडाथोडा उघडत नेण्याचे निराळेच तंत्र लागते.

८. गडी बाद झाल्यावर

चौघांपैकी एक बाद झाला की तुकडीत तिघे उरतात हे सर्वांना कळते. त्याच्या वाट्याचे ९० अंश कोणाकडे गेले हे मात्र पुष्कळांना कळत नाही. ह्याची तरतूद आधीच असावी : जोडीतील जोडीदाराने आपली हद्द वाढवून ती उचलावी, आणि नायक बाद झाला तर पुढचा नायक कोण हे खेळाच्या आरंभीच ठरलेले असावे. दोघे बाद झाले तर राखण्या-हलण्याचा खेळ दोघांत चालू शकतो, फक्त धाव आणखी आखूड करावी. एकटा उरलेल्याने वाटल्यास निशाणाकडे बेधडक पळावे; तुकडी म्हणून त्याच्यावर कोणतेच बंधन उरलेले नाही.

बाद झालेल्याने सोबत्यांस शत्रूचा ठावठिकाणा सांगू नये. तो खेळाच्या हिशेबी मृत आहे, आणि मृताने साक्ष देणे बहुतेक मैदानांवर नियमबाह्य मानतात. त्याने हात वर करावा, मोठ्याने ‘हिट!’ म्हणावे, आणि बंदूक खाली किंवा आकाशाकडे धरून कडेकडेने बाहेर जावे. कारण दाट झाडीत वरचा हात दिसला नाही तर त्याला पुन्हा गोळ्या लागतात, आणि त्यात दोष कोणाचाच नसतो. बाहेर पडण्यापूर्वी मॅगझिन काढावे, नळीत अडकलेली एखादी गोळी जमिनीकडे झाडून टाकावी, सुरक्षाखटका लावावा. चष्मा मात्र सुरक्षित आवाराचे कुंपण ओलांडेपर्यंत काढू नये, कितीही वाफ धरलेली असो, ०.२ ग्रॅमची गोळी कातडीवर लाल ठिपका उमटवते, पण डोळा ती कायमचा नेऊ शकते.